प्रोलॉग थांबायचं नावच घेत नाही!

प्रश्न : मी जळगावला एमएस्सी कॉम्प्युटरला आहे. प्रोलॉग या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत जळगाव, पाचोरा, चाळीसगाव, धुळे अशा गाड्या टाकल्या, जायच्या पण आणि यायच्या पण. नियम साधा: गाडी असेल तर पोहोचता येतं, नाहीतर गाडीने मधल्या स्टेशनला जायचं आणि तिथून पुढे पोहोचायचं. जळगावहून धुळं विचारलं तर हो म्हणतं, पण पुढचं उत्तर मागायला सेमीकोलन दाबत गेलं की तेच हो परत परत. अमळनेर मुद्दाम जोडलं नाही, ते विचारलं तर स्टॅकच (अर्धवट कामं लक्षात ठेवायची मेमरी) भरतो. सर म्हणतात आधी दुरुस्त कर, मग थांबतं हे सिद्ध करून आण. कसं करू?

उत्तर : भाऊ, कुठलाही प्रोग्रॅम दिला तर तो थांबेल का हे सांगणारी एकच पद्धत असू शकत नाही, हे गणितज्ञ ॲलन ट्युरिंगने १९३६ मध्येच दाखवलंय, पण तुझ्या एका प्रोग्रॅमचं सिद्ध करता येतं, त्यामुळे सरांवर चिडू नको.

युक्ती अशी की प्रत्येक कॉलला (म्हणजे नियमाला विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला) शून्य किंवा त्याहून मोठा पूर्णांक लावायचा, आणि नियम स्वतःलाच परत बोलावतो तेव्हा तो आकडा कमी झालाच पाहिजे. शून्याच्या खाली जाता येत नाही, म्हणजे कधीतरी थांबणारच. तुझ्याकडे जळगावहून पाचोरा, पाचोऱ्याहून परत जळगाव, म्हणजे तोच कॉल जसाच्या तसा पुन्हा, मग आकडा कमी होणार कुठून? प्रोलॉग मागचं काही लक्षात ठेवत नाही, नियम वरून खाली आणि अटी डावीकडून उजवीकडे, बस.

म्हणून झालेल्या स्टेशनांची यादी सोबत ने, सुरुवातीला त्यात फक्त जळगाव. नवीन स्टेशन यादीत नसेल तरच पुढे जायचं आणि ते यादीत टाकायचं. आता आकडा म्हणजे उरलेली स्टेशनं: ३, २, १, ०. झालं सिद्ध! फक्त ‘यादीत नाही’ ही अट गाडीच्या नंतर आणि पुढच्या कॉलच्या आधी लिही. गाडीच्या आधी लिहिलीस तर स्टेशन अजून ठरलेलंच नसतं, अट तिथेच फसते आणि पाचोऱ्याच्या पुढचं काहीच सापडत नाही. कॉलच्या नंतर लिहिलीस तर पहिल्यासारखंच गरगर फिरणं. अटींचा क्रम धरून करायच्या या सिद्धतेची नीट मांडणी आप्ट आणि पेद्रेस्की या संगणकशास्त्रज्ञांनी १९९० च्या दशकात केली.

अजून एक, पोरं हमखास विसरतात: सिद्धता नुसत्या प्रोग्रॅमची नसते, प्रश्नासकट असते. यादी पूर्ण दिली असेल तरच वरचा आकडा मोजता येतो, तेव्हा हे पहिल्याच ओळीत लिही. एसडब्ल्यूआय प्रोलॉगमध्ये (प्रोलॉग चालवणारं एक सॉफ्टवेअर) टेबलिंगची, म्हणजे आधी विचारलेले प्रश्न आणि त्यांची उत्तरं लक्षात ठेवायला सांगणारी, एक ओळ टाकली तर तुझा जुना नियमही थांबेल, पण मग सर टेबलिंग का थांबतं ते विचारतील.