फौजेतून आल्यावर सायबर सिक्युरिटीत नोकरी जमंल का?

राम राम भाऊ. तुम्ही विचारलंय की ६ महिन्यांत पेन्शनवर येतोय, गाव नांदेडकडं, शिक्षण बारावी, तर सायबर सिक्युरिटी जमंल का परत कुठंतरी गार्डच व्हायचं. मी लातूरचा, १७ वर्षं फौजेच्या सिग्नलमध्ये होतो, आता पुण्यात एका कंपनीच्या एसओसीत, म्हणजे कंपनीच्या कॉम्प्युटर-नेटवर्कवर नजर ठेवायच्या सेंटरात, शिफ्ट करायलोय. जमतं.

एसओसी म्हणजे संत्री ड्यूटीच समजा, फक्त गेटऐवजी स्क्रीनसमोर. रात्री अडीचला एकाच अकाउंटवर धडाधड ४६२५ पडायलेत, म्हणजे विंडोजचे फेल लॉगिन, आणि मग एकदम ४६२४ आला की लॉगिन झालं, आता तो खरा कर्मचारी पासवर्ड विसरला होता का चोर आत शिरला हे शोधायचं, टाइम लिहायचा अन् वर कळवायचं. सर्ट-इन, म्हणजे सायबर हल्ल्यांचं बघणारी केंद्राची संस्था, तिचा २०२२ पासून नियमच आहे, घटना कळली की ६ तासांत रिपोर्ट, लॉग म्हणजे सिस्टीमच्या नोंदी १८० दिवस सांभाळायच्या. डोळ्यात तेल घालून बसायची अन् नोंद ठेवायची सवय आपल्याला हायेच की.

पण क्लासवाल्यांपासून जपा. मी ८० हजार घालवले, शंभर टक्के प्लेसमेंट म्हणे, पहिल्याच दिवशी हॅकिंगचं टूल चालवून दाखवलं अन् वर्गात निम्म्यांना सबनेट, म्हणजे नेटवर्कचे पाडलेले छोटे भाग, हेच माहीत नाही. आधी नेटवर्किंग करा, वेबसाइटच्या नावावरून पत्ता शोधणारं डीएनएस कसं चालतं, पोर्ट म्हणजे कॉम्प्युटरचे नंबर दिलेले दरवाजे, त्यातलं २२ कशाचं, ३३८९ कशाचं. सिस्को नेटवर्किंग अकॅडमीचे सुरुवातीचे कोर्स फुकट आहेत. मग लिनक्स, मग घरच्याच वायफायवर वायरशार्क, म्हणजे नेटवर्कवरून काय ये-जा करतंय ते दाखवणारं सॉफ्टवेअर, लावून बघा, लई कळतं त्यातून. डीजीआर, म्हणजे निवृत्त फौजींच्या पुनर्वसनाचं सरकारी खातं, त्याच्या कोर्सचं अजून वर्दीत आहात तोवरच युनिटमध्ये विचारा. संभाजीनगरला विद्यापीठाच्या आवारात नायलिट या केंद्र सरकारच्या कॉम्प्युटर शिकवणाऱ्या संस्थेचं सेंटर आहे, तिथंही एक चक्कर मारा.

आणि हो, १५ वर्षं सर्व्हिसवर ग्रॅज्युएट धरतात ते केंद्राच्या ग्रुप सी भरतीपुरतं, मला तर तीन कंपन्यांच्या एचआरनी डिग्रीच मागितली. मुक्त विद्यापीठाचा फॉर्म यंदाच भरा.

फौजीच पाहिजे असंही काही नाही बरं का. माझ्या साडूची पोरगी उदगीरची, बीए झालेली, माझ्यासोबतच शिकली अन् माझ्याआधी लागली, कारण इंग्रजी रिपोर्ट. तिथंच आपलं घोडं पेंड खातं. रोज एक अलर्ट घ्या अन् काय घडलं ते चार ओळी इंग्रजीत लिहून काढा. माझ्या अजून तीच तपासते.