रिमोटमध्ये मेलेला सेल घड्याळात कसा जगतो?

प्रश्न : टीव्हीच्या रिमोटमधले सेल संपले की आमच्या सासूबाई ते फेकू देत नाहीत, भिंतीवरच्या घड्याळात घालतात आणि तिथे ते महिनोन्‌महिने आरामात चालतात. मग सेल संपला होता की नव्हता? आणि रिमोटमधले सेल नुसते बोटाने गोल फिरवले तरी तो परत चालू होतो, ते काय गौडबंगाल आहे? – एक वाचक, चाळीसगाव

उत्तर : सासूबाईंचं बरोबर आहे, फेकू नकाच. सेल संपला असं आपण म्हणतो तेव्हा तो रिकामा झालेलाच असतो असं नाही, त्या वस्तूला हवा तेवढा करंट एका दमात देणं त्याला जमेनासं झालेलं असतं एवढंच. नवा सेल साधारण दीड व्होल्टचा, वापरत गेलं की व्होल्टेज उतरतं आणि सेलच्या आतला विरोध वाढत जातो, म्हणजे जरा जास्त करंट मागितला की व्होल्टेज धाडकन खाली येतं. रिमोटचं बटण दाबलं की पुढच्या छोट्या एलईडीतून इन्फ्रारेडचे झटके जातात, आणि त्या प्रत्येक झटक्याला बराच करंट लागतो. घड्याळाचं तसं नाही, त्यातला क्वार्ट्झचा खडा सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो, चिप ते मोजून सेकंदाला एकदाच कॉइलला अगदी छोटासा धक्का देते, बाकी वेळ जवळजवळ काहीच खर्च नाही. म्हणून म्हातारा सेल तिथे निवांत चालतो. तोही थकला की गंमत बघा, सेकंदकाटा बहुतेक वेळा ९ च्या आसपास जागच्या जागी थरथरत अडकतो, कारण तिथे काट्याला सरळ वर उचलावं लागतं आणि तेवढा जोर उरलेला नसतो.

मल्टिमीटर असेल तर नुसता सेल मोजून फसू नका, काही जोडलेलं नसताना थकलेला सेलसुद्धा १.३ वगैरे दाखवतो, चालू खेळण्यात घालून मोजला की मग खरं कळतं.

फिरवायचं म्हणाल तर त्यात जादू काही नाही, टोकांवर आणि स्प्रिंगवर गंजाचा पातळ थर बसतो तो घासला जातो. शिवाय थोडा आराम मिळाला की सेलही किंचित सावरतो, पण हे फार दिवस चालत नाही. आणि घड्याळातला जुना सेल अधूनमधून काढून बघत जा हो, वर्षानुवर्षं विसरला तर तो पाझरतो आणि पत्र्याच्या पट्ट्या खाऊन टाकतो, चांगलं घड्याळ वीस रुपयांच्या सेलपायी कामातून जातं. तसंच एक जुना एक नवा अशी जोडी लावू नका, जुना आधी संपतो आणि नवा त्याच्यातून उलटा करंट ढकलतो, मग तो पाझरायची शक्यता आणखी वाढते.

प्रश्न : २०,००० एमएएचची पॉवर बँक घेतली, मोबाईल ५,००० चा आहे, म्हणजे ४ वेळा चार्ज व्हायला पाहिजे ना? जेमतेम ३ वेळा होतो. फसवलं का? – एक वाचक, पनवेल

उत्तर : फसवलं म्हणता येणार नाही, पण मोठा आकडा ठळक छापून खरा आकडा मागे बारीक अक्षरात टाकलाय हे खरं. ते २०,००० आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचे, म्हणजे ७४ वॅट-अवर एवढी ऊर्जा. बाहेर देताना ते ५ व्होल्टवर चढवायचं, मोबाईलने ते परत उतरवून आपल्या बॅटरीत घ्यायचं, या चढउतारात बरंच उष्णता होऊन जातं, पॉवर बँक हाताला गरम लागते ती त्यातूनच. तेव्हा ३ वेळा होत असेल तर तुमचा माल चांगला निघाला असं समजा.

प्रश्न : इन्व्हर्टरला १५० एएचची बॅटरी आहे. दुकानदार ६ तास म्हणाला होता, लाइट गेली की ३ पंखे, २ ट्यूब आणि वायफाय एवढंच चालतं तरी ३ तासांतच टूं टूं सुरू. आणि बॅटरीत आरओचं पाणी चालतं का? – एक वाचक, बार्शी

उत्तर : दुकानदाराने सरळ गुणाकार केला. १२ व्होल्ट गुणिले १५० एएच (अँपिअर-अवर), म्हणजे १,८०० वॅट-अवर, तुमचा लोड ७५ चे ३ पंखे, २० च्या २ एलईडी ट्यूब आणि १० चा राउटर धरून २७५ वॅट, भागा, साडेसहा तास येतात. पण ते १५० हा आकडा बॅटरी २० तासांत हळूहळू रिकामी केली तर मिळतो, म्हणजे साडेसात अँपिअरने. तुम्ही इन्व्हर्टरचा तोटा धरून २५ च्या वर खेचताय, एवढ्या ओढीला लेड-अ‍ॅसिड बॅटरी पूर्ण देतच नाही. नवी असती तरी चारेक तास धरा, दोन-तीन वर्षं झाली असतील तर ३ तास वाईट नाहीत. बॅटरी बदलण्याआधी पंख्यांचा विचार करा, बीएलडीसी पंखा (ब्रश नसलेल्या डीसी मोटरचा) ३० वॅटच्या आसपास खातो, तिन्ही बदलले तर लोड निम्मा होतो आणि वेळ दुपटीच्याही वर जातो.

पाणी फक्त डिस्टिल्ड. आरओच्या पाण्यातही क्षार राहतातच, आणि एसीच्या नळीचं पाणी भरणारेही आहेत पण त्यात कॉइलवरची धूळ आणि धातू उतरतो, तेही नको. चार्जिंगमध्ये उडून जातं ते पाणीच, हायड्रोजन आणि ऑक्सिजन होऊन, म्हणून अ‍ॅसिड कधीच टाकायचं नाही, आणि हायड्रोजन पेट घेतो म्हणून बॅटरी बंद कपाटात ठेवायची नाही. भरायचं ते बॅटरी पूर्ण चार्ज झाल्यावर, कारण चार्ज होताना पातळी वर चढते, आधीच काठोकाठ भरलं तर अ‍ॅसिड बाहेर येऊन टर्मिनल खातं. प्लेटा उघड्या पडल्या असतील तर मात्र थांबू नका, त्या बुडतील एवढंच आधी टाका आणि मग चार्जिंगला लावा.