बांगडा मोजायला बसण्याआधी

रत्नागिरीच्या मिरकरवाड्याच्या जेटीवर (मासे उतरवायच्या धक्क्यावर) माशांच्या लांबी-वजनाचं नातं काढायला पहिल्यांदाच जातोयस, तर आधी ठरव: लांबी कुठून कुठपर्यंत? बांगड्याची शेपटी दुभंगलेली असते. तोंडाच्या टोकापासून शेपटीच्या खाचेपर्यंत घेतलीस, तर शेवटच्या माशापर्यंत तशीच घे. मी सुरुवातीला निम्मे खाचेपर्यंत, निम्मे टोकापर्यंत मोजले. महिनाभराची वही फुकट गेली, अजून वाईट वाटतं. वाकटीचं (लांब, पट्टीसारख्या माशाचं) शेपूट तर बऱ्याचदा तुटलेलंच मिळतं. तिथे तोंडापासून गुदद्वारापर्यंत मोज.

बर्फातला मासा आधी निथळू दे, फडक्याने टिप, मगच वजनकाट्यावर ठेव.

गणित अवघड नाही. वजन म्हणजे अ गुणिले लांबीचा 'ब'वा घात; अ आणि ब हे तुझ्या मोजमापांतून काढायचे आकडे. ब बहुतेक माशांत २.५ ते ३.५, साधारण ३. म्हणजे लांबी दुप्पट झाली की वजन जवळजवळ आठपट! लांबी आणि वजन दोन्हींचे लॉग (लॉगॅरिदम) घेऊन आलेख काढलास की सरळ रेषा येते, तिचा चढ म्हणजे ब.

मात्र एकाच टोपलीतल्या, निवडून ठेवलेल्या एकसारख्या माशांवरून ब काढू नकोस. लहान-मोठे सगळे हवेत. आणि गाभोळी (अंडी) भरलेल्या मादीची नोंद वेगळी ठेव, तिचं वजन त्याच लांबीला जास्त भरतं.