मिनी-झेड कारचा वेग वाढवायला आधी मोटरच बदलावी का?

नाही, मोटर सगळ्यात शेवटी. क्योशो या जपानी कंपनीच्या या छोट्या रिमोट कंट्रोल कारमध्ये (मूळ गाडीच्या 1:28 मापाची) चार ट्रिपल-ए सेल असतात. अल्कलाइन सेल 1.5 व्होल्टचे असले तरी मोटरने जोरात करंट ओढला की त्यांचा व्होल्टेज पडतो. 1.2 व्होल्टचे चांगले निकेल-मेटल हायड्राइड सेल टाका, फरक पहिल्याच फेरीत कळेल.

मग चाकांच्या प्लास्टिक बुशच्या जागी बॉल बेअरिंग बसवा. माझ्या मते पैशाच्या मानाने सगळ्यात मोठा फायदा इथेच आहे. त्यानंतर पिनियन, म्हणजे मोटरच्या दांड्यावरचं छोटं दातेरी चाक. एक दात वाढवला तर टॉप स्पीड वाढतो, पण पिकअप कमी होतो आणि मोटर तापते. पाच मिनिटं चालवून मोटरला बोट लावून पाहा. चटका बसला तर जुना पिनियन परत लावा. मागचे टायर मऊ घ्या, नाहीतर वाढलेला वेग वळणावर गिरक्या घेण्यातच जातो.

एवढं करूनही कमी वाटलं तरच जास्त वेगाची, म्हणजे ‘हॉट’ मोटर. ती जास्त करंट ओढते, त्यामुळे कारच्या सर्किट बोर्डावरचे, मोटरला करंट देणारे छोटे एफईटी (ट्रान्झिस्टर) जळू शकतात. आणि कृपा करून 3.7 व्होल्टचे त्याच मापाचे लिथियम सेल चारही खाचांत भरू नका: 4.8 च्या जागी 14.8 व्होल्ट जातील, बोर्ड तिथेच संपेल.