मित्रदेशाला शस्त्रं दिली की आपणही युद्धात ओढले जातो का?

ओढले जाऊ शकतो. आमच्या राजापुरात हे १६६१ सालीच दिसलं.

१६६० मध्ये विजापूरच्या आदिलशाहीचा सरदार सिद्दी जौहर याने पन्हाळ्याला वेढा घातला होता, आणि शिवाजी महाराज गडावर अडकले होते. राजापूरच्या इंग्रज वखारीने त्याला उखळी तोफ आणि गोळे पुरवले. नुसतं विकून गप्प बसले असते तर गोष्ट वेगळी. पण वखारीचा प्रमुख हेन्री रेव्हिंग्टन स्वतः माणसं घेऊन गेला, आपलं निशाण फडकवलं आणि गडावर गोळे डागले. पुढच्याच वर्षी महाराजांनी राजापूर गाठलं. वखार लुटली, रेव्हिंग्टन आणि त्याचे साथीदार थेट कैदेत. त्या नुकसानीच्या भरपाईची बोलणी १६७४ च्या राज्याभिषेकापर्यंत चालू होती!

माझ्या मते रेषा तिथेच आहे: हत्यार देणं वेगळं आणि चाप आपण ओढणं वेगळं. भारताने फिलिपिन्सशी ब्राह्मोस क्षेपणास्त्रांचा करार २०२२ मध्ये केला, पहिली खेप एप्रिल २०२४ मध्ये पोचवली, चालवायला त्यांच्या माणसांना शिकवलंही. पण डागायचं कधी, ते मनिला ठरवणार. सुट्या भागांसाठी, दुरुस्तीसाठी मात्र त्यांचं आपल्याकडे येणं-जाणं वर्षानुवर्षं राहणार, आणि तेवढं गुंतणं आपण जाणूनबुजून पत्करलेलं आहे.