पहिला अल्बम काढतोयस? मग एवढं बघ

भावा, चौदा गाणी एकदम टाकायचं पहिलं डोक्यातनं काढ. आठ पुरे, अन् सगळ्यात दमदार गाणं सुरवातीला ठेव, कारण स्पॉटिफायवर ३० सेकंद ऐकलं तरच एक स्ट्रीम, म्हणजे गाणं एकदा वाजलं असं, धरतात आणि तुझा दीड मिनिटाचा गिटारचा इंट्रो ऐकत कोण बसतंय!

आमची चूक सांगतो. सगळं मिक्सिंग, म्हणजे गाण्यातले सगळे आवाज जुळवायचं काम, हेडफोनवर केलं, लई भारी वाटलं, मग रंकाळ्यावर मित्राच्या गाडीत लावलं तर नुसता बेस गुरगुरतोय अन् शब्द एक कळंना. हातातली भेळ तशीच मऊ पडली.

तवा,
- मिक्स गाडीत ऐक, मोबाईलच्या स्पीकरवर पण ऐक.
- अपलोड केलं की लगेच रिलीज नको. स्पॉटिफायच्या प्लेलिस्ट बनवणाऱ्या एडिटरकडं एक गाणं पाठवता येतं, पण रिलीजच्या किमान ७ दिवस आधी, मी तर महिनाभर आधीच म्हणीन.
- विकतचे स्ट्रीम अजिबात नको, गाणंच उडवतात.

व्हायनल (तबकडी), मर्चंडाईज (बँडच्या नावाचे टी-शर्ट अन् असलं सामान) वगैरे नंतर बघू. गॅदरिंगला पब्लिक कव्हरच, म्हणजे दुसऱ्यांची गाणीच, मागणार, चिडू नकोस, दोन कव्हरच्या मधी आपलं एक सरकव, आम्हाला पहिले ऐकणारे असेच घावले. डेमो झाला की पाठव, गाडीतच ऐकतो.