गणित सोडू देऊ नका

सप्रेम नमस्कार.

तुमचं बेळगावजवळच्या खानापूरहून आलेलं पत्र मिळालं. लेक दहावी झाली, आता पीयूसीला (अकरावी-बारावीला) सायन्स घेणार. आजींच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर डोळा बरेच दिवस लाल राहिला, डॉक्टर म्हणाले शरीराची प्रतिक्रिया आहे. तेव्हापासून लेक विचारतेय, 'प्लास्टिकची लेन्स शरीर आत राहूच कशी देतं?' यावर काम करायचं तर डॉक्टरच व्हावं लागेल, असं धरून तुम्ही नीटचा क्लास लावताय आणि गणिताऐवजी सोपा विषय शोधताय.

तेवढं करू नका.

तिचा प्रश्न जुना आणि खरा आहे. दुसऱ्या महायुद्धात विमानांच्या ॲक्रिलिक काचेचे तुकडे वैमानिकांच्या डोळ्यांत घुसले, तरी डोळा फारसा चिडला नाही, हे लंडनच्या हॅरोल्ड रिडली यांनी हेरलं. १९४९ साली त्यांनी त्याच जातीच्या प्लास्टिकची लेन्स माणसाच्या डोळ्यात बसवली. पण फारसा चिडत नाही म्हणजे मुळीच चिडत नाही असं नव्हे. लेन्स आत गेली की तिच्यावर प्रथिनं चिकटतात, मागोमाग संरक्षक पेशी येतात, काही एकमेकींत मिसळून मोठ्या होतात. किती येतील, हे लेन्सचा पृष्ठभाग पाणी धरतो की झटकतो यावरही ठरतं. म्हणून काही लेन्सवर हेपॅरिन या पाणी धरणाऱ्या द्रव्याचा थर दिला गेला. काचबिंदूत डोळ्यातला दाब उतरवायला बसवलेल्या नळीच्या टोकाशी तर शरीर कधी इतकं जाड आवरण तयार करतं की डोळ्यातलं पाणी नीट उतरत नाही, दाब पुन्हा चढतो.

यावरचं बरंचसं काम ऑपरेशन थिएटरबाहेर, पॉलिमर आणि पेशींच्या प्रयोगशाळेत चालतं. मदुराईत ऑरोलॅब लेन्स बनवते, तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत शरीरात बसवायच्या साहित्यावर संशोधन होतं. तिकडची सरळ वाट बायोमेडिकल इंजिनिअरिंगची, आणि तिला गणित लागतंच. पीसीएमबी, म्हणजे फिजिक्स, केमिस्ट्री, गणित आणि बायोलॉजी, असे चारही विषय घ्या, नीटही देता येईल. जड जाईल, पण दोन वर्षं सोसण्यासारखं आहे.

आजींचा डोळा पुन्हा लाल झाला, दुखला किंवा अंधुक दिसलं, तर त्याच दिवशी दाखवा.

आणि केसीईटी या कर्नाटकाच्या प्रवेश परीक्षेबरोबर महाराष्ट्राची सीईटीही देऊ द्या. सीमाभागातल्या मराठी मातृभाषेच्या मुलांना तिथल्या इंजिनिअरिंग प्रवेशात वेगळा प्रवर्ग आहे. त्याला लागणारे दाखले आत्तापासूनच जमवायला घ्या, ऐन प्रवेशाच्या वेळी तहसील कचेरीत खेटे घालावे लागतात.